डुकरांच्या पिण्याच्या पाण्यात जिवंत जिवाणू का मिसळतात?

काचेची एक छोटी बाटली. तिच्या तळाशी पांढुरकी, स्पंजासारखी वडी चिकटलेली. बाटलीत पाणी सोडलं की वडी क्षणात विरघळते आणि पाणी गढूळ होतं. ते पाणी एका पिंपात ओततात. पिंपातल्या पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी आधीच कालवून ठेवलेली असते, आणि बरेचदा निळा रंगही. मग पिंप डुकरांच्या पिण्याच्या पाण्याच्या नळीला जोडतात. शेडच्या अगदी टोकाच्या तोटीतून निळं पाणी आलं की काम करणारा माणूस घड्याळ बघतो. आता हातात चार तास, तेवढ्यात डुकरांनी ते पाणी पिऊन संपवायला हवं.

त्या वडीत असंख्य जिवाणू असतात, आणि ते जिवंत असतात. आजार होऊ नये म्हणून आजाराचेच जंतू पाजायचे, तेही जिवंत? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विपरीत वाटतं, आणि तसं वाटणं रास्तच आहे. पशुपालनात प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकांचा वापर आवरता घ्यायला हवा यावर जगभर जोर वाढतोय. युरोपीय संघानं तर जून २०२२ पासून डुकरांच्या पिल्लांना जुलाबावर औषध म्हणून खाद्यातून दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडवरही बंदी घातली. अशा वेळी या पाण्यातल्या लसी पुन्हा पुन्हा चर्चेत येतात. पण त्या नेमक्या बनतात कशा, फसतात कुठे, हे क्वचितच कुणी उलगडून सांगतं.

मराठीत जहाल आणि मवाळ हे दोन शब्द आपल्या चांगले ओळखीचे आहेत. या लसींचं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी उभं आहे. जंतू इतका मवाळ हवा की डुक्कर आजारी पडू नये, पण इतकाही मवाळ नको की डुकराच्या शरीराला त्याची दखलच घ्यावीशी वाटू नये. ही जागा अरुंद आहे.

आधी जिवाणू आणि विषाणू वेगळे करू

जिवाणू म्हणजे एका पेशीचा, स्वतः खाऊन स्वतः वाढणारा जीव. विषाणू त्याहून कितीतरी लहान असतो आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याच्या एकाच्या दोन प्रती होत नाहीत. बातम्यांत वारंवार येणारा आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा विषाणूचा रोग आहे. त्याच्या लसीची गोष्ट निराळी, ती इथे नाही.

हे दोन वेगळे ओळखणं भल्याभल्यांना जड गेलंय. १८८० च्या दशकात अमेरिकेत डॅनियल साल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी हॉग कॉलऱ्यानं, म्हणजे डुकरांच्या एका जीवघेण्या तापानं, मेलेल्या डुकरांच्या शरीरातून एक जिवाणू वेगळा केला आणि तोच या रोगाचं कारण आहे असं जाहीर केलं. साल्मन यांच्या नावावरून पुढे त्या जिवाणूच्या कुळाला साल्मोनेला हे नाव पडलं. १९०३ च्या सुमारास एमिल डी श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकरांचं रक्त जिवाणू अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळलं. गाळलेल्या द्रवानंही निरोगी डुकरं आजारी पडली. म्हणजे खरा गुन्हेगार गाळणीतून निसटणारा विषाणू होता आणि साल्मोनेला मागाहून संधी साधून आत शिरत होता. तरीही त्या जिवाणूचं नाव आजही साल्मोनेला कॉलरेसुइस असंच आहे. तो निर्दोष मात्र नाही. तो स्वतःच्या बळावरही डुकरांच्या रक्तात पसरतो, फुप्फुसं सुजवतो आणि माणसालाही गंभीर आजारी पाडू शकतो.

त्याच साल्मन आणि स्मिथ यांनी १८८६ मध्ये उष्णतेनं मारलेले हे जिवाणू कबुतरांना टोचले आणि ती कबुतरं पुढे जिवंत जिवाणूंनाही पुरून उरली, असं दाखवून दिलं. जंतू मारून लस करता येते याचा हा फार जुना पुरावा. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो.

मेलेले जंतू टोचून भागत नाही का?

काही रोगांत छान भागतं. पण डुकराचे बरेच जिवाणूजन्य आजार आतड्यातून किंवा श्वासनलिकेतून शिरतात, आणि तिथे मेलेली लस तोकडी पडते.

टोचलेल्या मेलेल्या लसीमुळे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. प्रतिपिंड म्हणजे एखाद्या ठरावीक जंतूला जाऊन चिकटेल असं शरीरानं घडवलेलं प्रथिन. रक्तात ती असणं म्हणजे माजघरात पहारा बसवणं. पण चोर तर ओसरीवरच धुमाकूळ घालतोय. आतड्याच्या आतल्या ओलसर अस्तरावर आयजीए नावाची वेगळ्या जातीची प्रतिपिंडं काम करतात. ती अस्तरावरच्या चिकट थरात राहून जंतूला भिंतीला धरूच देत नाहीत. ती तयार व्हायची तर जंतूशी ओळख त्या अस्तरावरच व्हावी लागते. तोंडावाटे नुसते मेलेले जंतू दिले तर आतडं त्यांना बहुधा अन्नातला कचरा समजून पुढे ढकलतं. जिवंत जंतू मात्र अस्तराला चिकटतो, थोडा वाढतो, तिथल्या पेशींना डिवचतो. शरीराला जाग येते ती अशा डिवचण्यानं.

शिवाय साल्मोनेलासारखे जंतू थेट शरीराच्या पेशींच्या आत जाऊन बसतात. पेशीच्या भिंतीआड लपलेल्याला प्रतिपिंड पकडू शकत नाही. त्यासाठी टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी लागतात, ज्या संसर्ग झालेली पेशीच हेरतात. त्या पेशींना तालीम द्यायची तर पेशीत शिरणारा जंतूच समोर हवा.

तिसरं कारण मला सर्वांत बोलकं वाटतं. ॲक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्यूमोनिई हा जिवाणू डुकराच्या फुप्फुसावर इतका वेगानं हल्ला करतो की सकाळी धडधाकट दिसणारं जनावर संध्याकाळी नाकातोंडातून रक्ताळ फेस येऊन मरू शकतं. या जिवाणूचे वेष्टनानुसार बरेच उपप्रकार आहेत. एका उपप्रकाराची मेलेली लस सहसा त्याच उपप्रकारापुरती उपयोगी पडते. पण ज्या डुकराला हा आजार खरोखर होऊन गेला आणि जे वाचलं, ते पुढे इतर उपप्रकारांनाही बऱ्याच अंशी दाद देत नाही. कारण हा जंतू शरीरात असताना जी विषं आणि प्रथिनं बनवतो, त्यातली काही तो प्रयोगशाळेतल्या बाटलीत बनवतच नाही. मेलेल्या लसीत ती नसतात. शरीरात वाढणारा मवाळ जंतू ती दाखवू शकतो.

ससा आणि कबूतर

१८८२ मध्ये लुई पाश्चर आणि त्यांचा तरुण सहकारी लुई थुइलिए फ्रान्समध्ये डुकरांच्या एका लाल चट्ट्यांच्या रोगामागे लागले होते. आज त्याला एरिसिपेलस म्हणतात. या रोगात ताप चढतो आणि कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे, हाताला उंच लागणारे लालजांभळे चट्टे उठतात.

दोघांनी हा जंतू एका कबुतरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा नेत नेत डुकराला दिला. डुक्कर पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त जोरात आजारी पडलं. मग हेच सशांत केलं. ससे उत्तरोत्तर लवकर मरू लागले, म्हणजे जंतू सशांसाठी अधिकाधिक जहाल होत गेला. पण तो डुकराला दिला तेव्हा डुक्कर थोडं आजारी पडून सावरलं, आणि त्यानंतर खरा जहाल जंतूही पचवू शकलं. दीर्घकाळ परमुलखात राहिलेला माणूस तिथली भाषा सफाईनं बोलू लागतो आणि घरची भाषा अडखळत बोलतो, तसं त्या जंतूचं झालं होतं. सशात रमता रमता डुकरात जगण्याची त्याची कला बोथट झाली.

थुइलिए त्याच्या पुढच्याच वर्षी कॉलऱ्याचा अभ्यास करायला अलेक्झांड्रियाला गेला आणि कॉलऱ्यानंच तिथे वारला. वय अवघं २७. डुकरांच्या लसीचा इतिहास सांगताना पाश्चरचं नाव सगळे घेतात. त्या तरुणाचं नावही घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जहालाचा मवाळ कसा करतात

सशाची वाट ही पहिली. तिचंच पुढचं रूप म्हणजे जंतूला प्रयोगशाळेत अडचणीच्या परिस्थितीत पिढ्यान् पिढ्या वाढवणं. जपानमध्ये एरिसिपेलसची जी जिवंत लस वापरात आली, तिचा वाण ॲक्रिफ्लेविन नावाचा रंग घातलेल्या माध्यमावर, म्हणजे जंतूंच्या खाद्यावर, पुन्हा पुन्हा वाढवून मिळवला होता. चीनमध्ये साल्मोनेला कॉलरेसुइसचा सी-५०० नावाचा वाण थॅलियम या विषारी धातूचे क्षार असलेल्या माध्यमात असाच मवाळ केला गेला. अमेरिकेत याच जंतूसाठी आणखी कल्पक युक्ती केली. डुकराच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून मारतात. जंतू त्या पेशींना खायला घालायचा, जे वाचतील त्यांना वाढवायचं, पुन्हा त्याच पेशींपुढे टाकायचं. या फेऱ्यांत जंतूनं जहालपणाचं सामान वाहणारा डीएनएचा एक सुटा तुकडाच टाकून दिला. एससी-५४ या नावानं ओळखला जाणारा तो वाण लस म्हणून वापरात आला.

माणसांच्या बीसीजी लसीची कथाही याच घराण्यातली. काल्मेट आणि गेराँ यांनी गाईंच्या क्षयाचा जंतू १३ वर्षं, २३० वेळा नव्या माध्यमावर चढवला, तेव्हा कुठे ती लस हाती आली. तुमच्या दंडावर त्या लसीचा व्रण असेल, तर जिवंत जिवाणूंची लस तुम्हीही घेतलेली आहे.

या वाटेत एक मोठी उणीव आहे. जंतू मवाळ झाला हे दिसतं, पण त्याच्यात नेमकं काय बिघडलं हे कळत नाही. जे कसं बिघडलं ते माहीत नाही, ते आपोआप दुरुस्त होणार नाही याची हमी कोण देणार?

म्हणून दुसरी वाट निघाली, नेमकं जनुक छाटण्याची. जनुक म्हणजे जंतूच्या डीएनएमधली एकेका कामाची लिखित सूचना. १९८१ मध्ये सुसान होइसेथ आणि ब्रूस स्टॉकर यांनी साल्मोनेलातलं एआरओए हे जनुक निकामी केलं. काही आवश्यक घटक स्वतः तयार करण्याच्या साखळीतली ही एक कडी. ती तुटली की जंतूला ते घटक बाहेरून मिळवावे लागतात. प्रयोगशाळेत ते माध्यमात आयते मिळतात, पण प्राण्याच्या शरीरात त्यातले काही नसतातच. म्हणजे जंतू आत शिरतो, थोडे दिवस तग धरतो आणि शिदोरी संपल्यावर वाढेनासा होतो. तेवढ्या मुदतीत शरीरानं त्याला पुरतं ओळखलेलं असतं. जर्मनीत डुकरांसाठी तयार झालेली साल्मोनेला टायफिम्युरियमची लसही अशीच परावलंबी केलेल्या जंतूची आहे. तिला हिस्टिडीन आणि ॲडेनीन हे दोन घटक बाहेरून लागतात.

पण परावलंबी जंतू कधी कधी फारच लवकर दमतो. आतड्यात पोहोचायच्या आधीच अर्धमेला झाला तर ओळख कुणाची होणार? अमेरिकी शास्त्रज्ञ रॉय कर्टिस यांच्या गटानं यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. जंतूतली काही महत्त्वाची जनुकं अरॅबिनोज नावाच्या साखरेवर चालतील अशी त्यांनी जोडली. प्रयोगशाळेत ही साखर मिळते, म्हणून जंतू पूर्ण ताकदीचा असतो. शरीरात मोकळी अरॅबिनोज मिळत नाही. किल्ली दिलेलं घड्याळ जसं आधी जोमात चालतं आणि मग हळूहळू मंदावतं, तसा हा जंतू पहिल्या काही पिढ्या जोरात शिरकाव करतो आणि नंतर मवाळ होत जातो.

तिसरी वाट अगदी सरळ आहे. जंतूच्या गोतावळ्यातला मुळातच निरुपद्रवी नातेवाईक शोधायचा. ती कुठे उपयोगी पडते हे समजायला पिल्लाच्या जन्मापर्यंत मागे जावं लागेल.

पिल्लाचे अवघड आठवडे

माणसाचं बाळ आईच्या वारेतून प्रतिपिंडं घेऊनच जन्मतं. डुकराचं पिल्लू रिकाम्या हातांनी येतं. डुकरिणीची वार अशा घडणीची असते की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं तिच्यातून पलीकडे जात नाहीत. पिल्लाला सगळं मिळतं ते चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून. आणि तेही जवळपास पहिल्या दिवसभरातच, कारण त्यानंतर आतड्याची भिंत मिटते आणि प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात शिरणं थांबतं. दहा-बारा पिल्लांच्या वेतात सर्वांत मागे ढकललं गेलेलं, थंडीनं कुडकुडणारं पिल्लू वेळेत आचळापर्यंत पोहोचलं नाही, तर पुढे कितीही दूध पाजलं तरी ती तूट भरून निघत नाही.

चीक मिळालेल्या पिल्लाचीही अडचण संपत नाही, फक्त तिचं रूप बदलतं. आईची प्रतिपिंडं त्याच्या शरीरात काही आठवडे टिकतात आणि दुधातली आयजीए रोज आतडं सारवत राहते. या काळात जिवंत लस पाजली तर आईची प्रतिपिंडं लसीच्या जंतूलाही शत्रू समजून थोपवतात. लस वाया जाते. थांबावं म्हटलं, तर तीन-चार आठवड्यांच्या वयात दूध तोडलं जातं आणि सारवण एका दिवसात बंद होतं. खाद्य बदलतं, जागा बदलते, अनोळखी पिल्लांशी मारामाऱ्या होतात. नेमक्या याच वेळी ई. कोलाय या जिवाणूचे काही वाण हल्ला करतात. त्यांच्या अंगावर एफ-४ किंवा एफ-१८ नावाचे केसांसारखे बारीक आकडे असतात. त्या आकड्यांनी ते आतड्याला लटकतात आणि विष सोडतात. पिल्लाला पाण्यासारखे जुलाब लागतात, डोळे खोल जातात, मागचे पाय माखतात आणि एक-दोन दिवसांत ते दगावू शकतं.

इथे तो निरुपद्रवी नातेवाईक कामी येतो. एफ-४ आकडे असलेला, पण विष न बनवणारा ई. कोलाय. त्याची तोंडावाटे द्यायची लस युरोपीय संघात २०१५ मध्ये मंजूर झाली. पुढे २०१७ मध्ये एफ-४ आणि एफ-१८ दोन्हींसाठीची आली. साधारण १८ दिवसांच्या वयापासून ती देता येते, सात दिवसांत संरक्षण सुरू होतं आणि २१ दिवस टिकतं. तीन आठवड्यांचं संरक्षण ऐकायला तुटपुंजं वाटतं. पण ते तीन आठवडेच पिल्लाच्या जिवावरचे असतात.

जाता जाता एक गोष्ट. काही डुकरांच्या आतड्यावर जन्मतःच एफ-४ अडकायला जागा नसते. त्यांना हा जुलाब होत नाही, आणि हीच लस त्यांच्यावर परिणामही करत नाही. ज्या कडीत रोगाचा आकडा अडकतो, त्याच कडीत लसीचाही अडकावा लागतो.

"हे मवाळ जंतू उलटले तर?"

ही शंका झटकून टाकण्यासारखी अजिबात नाही. जपानमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एरिसिपेलस झालेल्या डुकरांतून मिळालेले जिवाणू तपासले, तेव्हा जुनाट संधिवाताच्या काही जनावरांमधले जंतू जिवंत लसीच्याच वाणाचे निघाले. लस बहुतेकांना वाचवत होती, पण काही डुकरांच्या सांध्यांत ठाण मांडून बसली होती. याचा उल्लेख टाळून लसीचं कौतुक करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

म्हणूनच आजच्या लसींना कठोर परीक्षा द्याव्या लागतात. लसीचा जंतू एका डुकराला देतात, त्याच्या शरीरातून परत मिळवतात, दुसऱ्याला देतात. अशा पाच फेऱ्यांनंतर शेवटच्या डुकरात तो पहिल्यापेक्षा जहाल झालेला दिसता कामा नये. दुसऱ्या परीक्षेत नेहमीच्या दहापट मात्रा देऊन जनावरावर लक्ष ठेवतात. जनुकं छाटून केलेल्या लसीत एकमेकांपासून दूर असलेली दोन जनुकं काढणं पसंत करतात. एक चूक योगायोगानं दुरुस्त होऊ शकते, दोन्ही एकाच जंतूत दुरुस्त होण्याची शक्यता फार कमी. छाटणीच्या वेळी खूण म्हणून अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक घालायची पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे. लस बाहेर पडण्याआधी ती खूण पुसलेली असणं आवश्यक आहे. नाहीतर ज्या संकटावर उपाय शोधतोय, तेच पाण्यातून वाटल्यासारखं होईल.

"लस दिलेलं डुक्कर आणि आजार होऊन गेलेलं डुक्कर, फरक कसा कळणार?"

साध्या रक्तचाचणीला दोन्हींत प्रतिपिंडं दिसतात, आणि ही अडचण कागदावरची नाही. डेन्मार्कमध्ये १९९५ पासून कत्तलखान्यात मांसातला रस तपासून कुठल्या कळपात साल्मोनेला फिरतोय ते शोधतात. अशा देशात जिवंत लस दिली तर निरोगी कळपही संसर्ग झालेला दिसेल. उपाय असा की लसीच्या जंतूतून चाचणी जे शोधते तेच मुद्दाम काढून टाकायचं. साल्मोनेलाच्या बाह्य आवरणातला एक साखरेचा तुकडा गाळलेले वाण या हेतूनं तयार करून पाहिले गेले आहेत. फुप्फुसाच्या ॲक्टिनोबॅसिलसमध्ये एपीएक्स-४ हे विष फक्त जिवंत जंतू शरीरात असतानाच बनतं. मवाळ वाणातून त्याचं जनुक काढलं, की एपीएक्स-४ विरुद्धची प्रतिपिंडं ज्याच्या रक्तात सापडतील त्याला खरा संसर्ग झाला असं समजायचं.

"मांसावाटे हे जंतू आपल्यापर्यंत येतील का?"

लस घेतलेली डुकरं काही दिवस विष्ठेतून लसीचे जंतू बाहेर टाकतात, हे खरं आहे. म्हणून लस आणि कत्तल यांत किती अंतर हवं ते लसीनुसार ठरवून देतात, आणि जनुकं छाटलेल्या लसींना पर्यावरणावरच्या परिणामांचीही वेगळी तपासणी पार करावी लागते. दुसरी बाजूही मांडायला हवी. लस न दिलेल्या कळपात फिरणारा साल्मोनेला टायफिम्युरियम हा माणसांतल्या अन्नबाधेच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि तो जहाल आहे.

"अँटिबायोटिक असताना एवढा खटाटोप कशाला?"

कारण ते असणं कायमचं नाही. कोलिस्टिन हे माणसांच्या अतिदक्षता विभागात इतर औषधं हरली की वापरायचं औषध. तेच अनेक देशांत डुकरांच्या जुलाबावर सर्रास दिलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकरांच्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ नावाचं जनुक सापडल्याचं जाहीर केलं. त्याच्यामुळे जंतू कोलिस्टिनला जुमानत नाही, आणि ते जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज हस्तांतरित होतं. चीननं २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन मिसळणं बंद केलं. युरोपीय संघानं वाढीसाठीची अँटिबायोटिकं त्याच्या बरीच आधी, २००६ मध्येच थांबवली होती. शेडमधल्या औषधाचा हिशेब रुग्णालयात चुकता होतो. लसीमुळे औषधाची गरज पडण्याचे प्रसंगच कमी होतात.

मग सगळ्या रोगांवर अशी लस का नाही?

काही जंतू वाढवणंच दुष्कर आहे. डुकराच्या लहान आतड्याचं अस्तर रबरी नळीसारखं जाड करणारा लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस हा जिवाणू जिवंत पेशींच्या आतच वाढतो. या आजाराचं वर्णन १९३१ मध्ये झालं, पण जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला १९९३ मध्ये, तोही आतड्याच्या पेशींवर आणि कमी ऑक्सिजनच्या हवेत. वाढवताच येत नव्हता तोवर लसीचा प्रश्नच नव्हता. पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून मवाळ केलेली त्याची लस पुढच्या दशकभरात आली. पाण्यातून पाजण्याच्या जिवंत लसींमधलं हे आजचं ठळक उदाहरण.

काही जंतू फार रूपांत येतात. स्ट्रेप्टोकॉकस सुइस निरोगी डुकराच्या टॉन्सिलमध्येही मुक्कामाला असतो, आणि पिल्लांत मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात आजारी डुकरं हाताळणाऱ्या दोनशेहून अधिक माणसांना त्याची लागण झाली आणि ३५ हून जास्त जण दगावले. त्याचे उपप्रकार अनेक आहेत. त्यातला सर्वांत घातक उपप्रकार अंगावर साखरेचं असं वेष्टन पांघरतो, की त्याची टोकं प्राण्याच्या स्वतःच्या पेशींवरच्या टोकांसारखी दिसतात. घरच्याच माणसाचे कपडे घालून आलेल्याला ओळखायचं कसं? मवाळ केलेले अनेक वाण प्रयोगशाळेत तपासले गेले, पण सगळे उपप्रकार रोखणारी जिवंत लस अजून शेडपर्यंत पोहोचलेली नाही. माणसांचाही जीव घेणाऱ्या या जंतूवर अधिक पैसा आणि माणसं लागायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

शेवटचे चार तास

आता पुन्हा त्या पिंपाकडे. बाटलीतली वडी जंतू गोठवून, निर्वात पोकळीत सुकवून केलेली असते. अशा अवस्थेत ते जिवंत असून निपचित असतात. कारखान्यापासून शेडपर्यंत बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. गाडीच्या काचेमागे उन्हात ती दुपारभर राहिली, तर वडी तशीच पांढरी दिसते, पाण्यात तशीच विरघळते आणि आतले बहुतेक जंतू मेलेले असतात. डोळ्यांना काहीच कळत नाही.

पाण्यात क्लोरीन असेल तर ते लसीचे जंतूही मारतं. दुधाची भुकटी किंवा सोडियम थायोसल्फेट त्याचसाठी आधी कालवतात, म्हणजे क्लोरीन त्यांच्यावर खर्ची पडतं. नळी आदल्या दिवशी जंतुनाशकानं धुतली आणि नीट खळाळून घेतली नाही, तरी तोच घोटाळा होतो. लॉसोनियाच्या लसीत लसीकरणाच्या तीन दिवस आधीपासून तीन दिवसांनंतरपर्यंत त्या जंतूला मारणारं कुठलंही अँटिबायोटिक पाण्यातून किंवा खाद्यातून जाता कामा नये. खाद्य आधीच औषध मिसळून आलेलं असेल आणि पोत्यावरची चिठ्ठी कुणी वाचली नसेल, तर लस पोटात जाते आणि तिथेच संपते. डुकरं नेहमीसारखीच दिसतात. काही आठवड्यांनी जुलाब सुरू झाले की ठपका लसीवर येतो.

म्हणून पिंप जोडण्याआधी शेडमध्ये काही साधी कामं होतात. खाद्याच्या पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या जातात. तासभर पाणी बंद ठेवतात, म्हणजे पिल्लं तहानलेली असतात. पिंपातल्या पाण्यात भुकटी ढवळून थोडा वेळ थांबतात. मगच बाटलीचं झाकण निघतं. निळं पाणी टोकाच्या तोटीपर्यंत पोहोचतं, पहिलं पिल्लू येऊन तोटीला तोंड लावतं, त्याच्यामागे ढकलाढकली सुरू होते, आणि माणूस मागे कोपऱ्यात उभं राहिलेलं एक किरकोळ पिल्लू हेरून त्याला हातानं पुढे सरकवतो.